वाळवी न लागलेली बाकं

आमच्या देवळातली सव्वीस सागवानी बाकं वाळवीने पोखरली आहेत असं सांगून पंचकमिटीच्या सेक्रेटरींनी ती विकली. बाकांना वाळवी लागलेली नव्हती. सेक्रेटरींनी मंडळीला फसवलं. आणि ज्या कागदाच्या आधाराने फसवलं, त्या कागदाखाली सही माझी आहे.

ही चारही वाक्यं मी आधीच लिहून टाकली, कारण आमच्याकडे ही गोष्ट गेली कित्येक वर्षं कुजबुजत सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यातलं एक वाक्य गाळलं जातं. माझ्या बाजूचे लोक चौथं गाळतात, त्यांच्या बाजूचे दुसरं. या अंकासाठी संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' म्हटलं. धंद्यातला माझा सगळ्यात मोठा अनुभव हाच आहे.

आम्ही जुने मराठी ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. तिथे जमणारी माणसं म्हणजे मंडळी, आणि मंडळीचा कारभार पाहणारे सात जण म्हणजे पंचकमिटी. मी त्या मंडळीतला शमुवेल. धंदा जुन्या लाकडाचा.

धंदा समजायला सोपा आहे. शहरात कुठेतरी जुनी इमारत पाडतात. तिचे दरवाजे, चौकटी, तुळया, जिने आम्ही विकत घेतो, खिळे काढतो, तासून साफ करतो आणि पुन्हा विकतो. मी कसब्यातल्या एका बोळात, हातगाडी उभी राहील एवढ्या जागेत सुरुवात केली. शिक्षण दहावी. भांडवल म्हणजे वडिलांचा रंधा आणि माझी जीभ. पुढे कंप्युटरवाले पुण्यात आले, बंगल्यांच्या जागी इमारती उठू लागल्या, माल इतका निघायला लागला की वखार हडपसरला न्यावी लागली. विश्रांतवाडीला घर बांधलं. कोणाच्या ओळखीने काही मिळालं नाही, म्हणून कोणाला भ्यालोही नाही. तोंड फटकळ आहे, राग नाकावर आहे, हे मंडळीत आणि बाजारात दोन्हीकडे सर्वांना माहीत आहे.

लाकूड ओळखायला शाळा लागत नाही. पटाशीने कोपरा खरवडायचा आणि नाक लावायचं. साग असेल तर जुन्या चामड्यासारखा वास येतो. मग बोटाच्या पेराने ठोकायचं. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं भद्द वाजतं. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. हे आम्हा व्यापाऱ्यांना माहीत असतं, विकणाऱ्याला नसतं. म्हणून खरेदीला गेलं की आमचा पहिला शब्द ठरलेला. ठोकायचं, कान लावायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "आतून पोखरलंय." मालकाचा चेहरा पडतो, त्याच्या मागोमाग भाव पडतो. हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला आहे की तो खोटा आहे हे माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

सगळेच फसत नसत. कसब्यात एक निवृत्त मास्तर होते, जिना विकायचा होता. मी ठोकून म्हणालो, "आतून पोखरलंय हो."

मास्तर म्हणाले, "अहो, आतून मीही पोखरलोय. पेन्शन पूर्ण मिळते. भाव बोला."

आणि विकताना उलटं. हडपसरच्या एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतलेलं जोडपं आलं, दोघंही आयटीत. मी चांगला भरीव दरवाजा दाखवला तर मुलगी म्हणाली, "अंकल, याला होल्स नाहीयेत. एकदम नवा वाटतोय." तिला भुंग्याने पाडलेली भोकं हवी होती. मागच्या बाजूला एक टाकाऊ दार पडलं होतं, चाळणीसारखं. ते तिने हात फिरवून फिरवून पाहिलं आणि चांगल्या दारापेक्षा जास्त भावाने नेलं. ज्या भोकांनी घेताना भाव पाडायचा, त्याच भोकांनी विकताना चढवायचा. संध्याकाळी हे मी घरी हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत.

बाबा मिशनच्या सुतारशाळेत शिकलेले. आमच्या घरी रोज सात वाजता प्रार्थना. एक गीत, बायबलमधलं एक वचन, मग प्रार्थना. पाहुणे असोत की पाऊस. डोळे मिटण्याआधी बाबा मला विचारायचे, "शमुवेल, आज कोणाला काय बोललास?" किती कमावलंस असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मी म्हणायचो, "धंद्यात बोलावं लागतं, बाबा."

"मग ते तू सांग देवाला. तुझ्या वतीने मी सांगणार नाही."

मला राग यायचा. कारण मी स्वतःला चांगला ख्रिस्ती समजत होतो. कमाईचा दहावा भाग, दशांश, देवळाला वेळेवर देत होतो, दारू नाही, आणि रविवारी वखार बंद म्हणजे बंद. जुन्या इमारती हटकून रविवारी पाडतात, रस्त्यावर गर्दी कमी असते म्हणून. किती उत्तम माल मी उपासनेला बसलेला असताना दुसऱ्यांनी उचलून नेला! त्याचा मला अभिमान होता. माझी बायको सुशीला शाळेत शिक्षिका होती, ती बाबांपेक्षा स्पष्ट. "रविवार देवाला देता, चांगलं आहे," ती म्हणायची. "सोमवारी तो परगावी जातो असं वाटतं का तुम्हाला?"

आता बाकांकडे येतो.

देवळातली सव्वीस बाकं बाबांनी केलेली. एकही लोखंडी खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. पाठ किती कलती ठेवायची यावर त्यांनी म्हणे आठवडाभर विचार केला होता: म्हाताऱ्यांना टेकता आलं पाहिजे, पण प्रवचनात कोणाला झोप लागता कामा नये. प्रत्येक बाकाच्या बैठकीखाली, उजव्या टोकाला, पटाशीचे तीन टोचे आहेत, त्रिकोणात. ही बाबांची खूण. वरून दिसत नाही, हात घातला तर लागते. आमचं लग्न त्या बाकांसमोर लागलं, मुलांचे बाप्तिस्मे झाले. बाबांची शवपेटी त्यांच्यामधल्या वाटेनेच बाहेर गेली.

बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी मंडळीत खुर्च्यांचा विषय निघाला. मंडळीतलीही तरुण मुलं आयटीत लागली होती. त्यांना पडदा हवा होता, प्रोजेक्टर हवा होता, गोल करून बसता येईल अशा हलक्या खुर्च्या हव्या होत्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. बाक हलवायला चार माणसं लागायची. पण म्हाताऱ्या माणसांचा विरोध होता, आणि चांगली बाकं मोडीत काढायला मंडळी परवानगी देणार नाही हे उघड होतं.

सेक्रेटरी होते प्रभाकरराव. बँकेतून निवृत्त, पांढरे कपडे, आवाज मऊ. त्यांना मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नाही. माझ्यासारख्या तापट माणसाने अशा माणसाला जपून असावं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी मला बोलावलं. "शमुवेलभाऊ, आपण जाणकार. एकदा बाकं पाहून घ्या."

गुरुवारी दुपारी गेलो. माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. बाबांचं काम बाहेर जाऊ द्यायचं नाही, सगळी बाकं आपणच घ्यायची, हे एक. आणि घ्यायचीच आहेत तर स्वस्तात घ्यायची, हे दुसरं. दोन्ही विचार एकाच डोक्यात होते आणि मला त्यांच्यात काही भांडण दिसलं नाही.

गुडघे टेकून बसलो. ज्या ठिकाणी आम्ही प्रार्थनेला गुडघे टेकतो, त्याच ठिकाणी. पेराने ठोकलं. लाकूड घंटेसारखं बोललं. मी कान लावला, मान हलवली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द गेला, "आतून पोखरलीत."

"अरेरे," प्रभाकरराव म्हणाले. "सगळी?"

"सगळी. वाळवी. जळणाच्या भावात जातील."

"लिहून देता? म्हणजे मंडळीला सांगायला बरं."

मला वाटलं, सौदा माझ्याच बाजूने चालला आहे. कागद त्यांनी पुढे केला, पेन त्यांनीच दिलं. मी दोन ओळी लिहिल्या आणि वळणदार सही केली. पुढच्या आठवड्यात भाव बोलायला जाऊ, असा माझा विचार होता.

रविवारी सकाळी देवळात गेलो तर रांगेने पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. शुक्रवारी पंचकमिटीने माझ्या कागदावर ठराव केला होता आणि बाकं शनिवारीच टेम्पोत भरून गेली होती.

मी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. उपासना सुरू होण्याआधी मी ओरडलो, एक खुर्ची उचलून आपटली. प्लास्टिकची होती, तिला काही झालं नाही.

प्रभाकररावांचा आवाज तसाच मऊ. "शमुवेलभाऊ, आपणच लिहून दिलंत जळणाचा भाव. आम्ही त्याहून थोडा जास्त मिळवला. मंडळीचा फायदाच झाला की."

"कोणाला विकलीत?"

"असतात हो घेणारे. एक इंटिरिअरवाला आहे."

तो इंटिरिअरवाला त्यांचा साडू निघाला. हे मला चार महिन्यांनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून कळलं. तोवर मी देवळात जाणं सोडलं होतं. एका रविवारी तर रागाच्या भरात वखार उघडून बसलो. सुशीलाने दारात उभं राहून पाहिलं आणि रिक्षा करून एकटी उपासनेला गेली. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. दीड वर्ष असं गेलं. सात वाजताची प्रार्थना तेवढी सुशीलाने चालू ठेवली. मी बसायचो, पण तोंड मिटून.

मग हडपसरच्याच एका कंप्युटर कंपनीने जुने दरवाजे मागवले, स्वागतकक्षात लावायला. मी माल घेऊन गेलो. तिथला व्यवस्थापक कुलदीप, अमरावतीचा तरुण मुलगा, म्हणाला, "काका, जेवून घ्या ना, कँटीनमध्येच बसू." कँटीनमध्ये शिरलो आणि पाय थांबले. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बाबांची बाकं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली त्यांच्यावर बसून डबे खात होती, हसत होती. एक मुलगी मांडी घालून बसली होती. पाठीचा कल तोच.

मी एका बाकाच्या टोकाला बसलो आणि हात खाली घातला. तीन टोचे लागले.

"काय शोधून राहिले, काका?" कुलदीपने विचारलं.

"ही बाकं कुठून आणली?"

"एका जुन्या चर्चची आहेत. एकदम ओरिजिनल. लाकडाची गॅरंटी आहे. आम्ही कागदाशिवाय काहीच घेत नाही."

"कागद दाखवता?"

दाखवला. साध्या मनाचा मुलगा, झेरॉक्सही दिली. प्रभाकररावांच्या साडूने लिहून दिलं होतं: सर्व सव्वीस बाकं अस्सल जुन्या सागाची, वाळवी किंवा भुंगा नाही, पाहणी प्रत्यक्ष चर्चमध्ये जाऊन केली. खाली पाहणीची तारीख. ती तारीख मंगळवारची होती. मी माझा कागद लिहिला त्याच आठवड्यातला मंगळवार. माझ्या दोन दिवस आधीचा.

आता नीट पाहा. आमचं देऊळ मंगळवारी बंद असतं. किल्ली एकच, ती सेक्रेटरींकडे. म्हणजे मंगळवारी कोणीतरी साडूंना दार उघडून दिलं, साडूंनी बाकं तपासली आणि ती उत्तम आहेत असं लिहिलं. गुरुवारी प्रभाकररावांनी मला बोलावलं. मत त्यांना नकोच होतं. माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता. ठोकल्यावर माझ्या तोंडातून कोणता शब्द निघणार हे माझ्या आधी त्यांना माहीत होतं.

झेरॉक्स घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, कागद दोनदा वाचला, घडी घालून परत दिला.

"मंडळीला दाखवा ना," ते म्हणाले. "आपला हक्कच आहे. पण मग आपण लिहून दिलेलं खोटं होतं, हेही सांगावं लागेल. वडिलांच्या बाकांविषयी. तयारी आहे?"

आयुष्यभर मी सौदे केले. बिल्डरांशी, वकिलांशी, कर्नलांशी. मला हरवून घरी पाठवणारा हा एकच माणूस. चहा अर्धा टाकून उठलो.

घरी येऊन सुशीलासमोर अर्धा तास आरडाओरडा केला. ती वह्या तपासत होती. शेवटी म्हणाली, "झालं? तुमची अडचण काय आहे, सांगू? त्यांचं खोटं सांगायची तुम्हाला घाई आहे आणि तुमचं सांगायची लाज आहे. आधी तुमचं सांगा. मग त्यांच्या हातात धरायला काही उरणार नाही."

आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. आजारातून उठलेला, परीक्षा पास झालेली, कोणीही उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. दीड वर्षाने मी देवळात गेलो आणि साक्षीच्या वेळी उभा राहिलो. म्हणालो, "बाकांना वाळवी नव्हती. मी खोटं बोललो. स्वस्तात मिळावीत म्हणून बोललो. माझ्या बापाच्या कामाला मी पोखरलेलं म्हणालो. मला क्षमा करा."

मग मागून एक म्हातारी बाई, आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो, मोठ्याने म्हणाल्या, "मेल्या, माझी पाठ गेली त्या खुर्च्यांवर!" थोडे लोक हसले, आणि मला रडू आलं.

मी खिशातून साडूंच्या कागदाची झेरॉक्स काढत होतो. तेवढ्यात प्रभाकरराव उठले. "बंधूंनी पश्चात्ताप केला, प्रभूचे आभार मानू या," असं म्हणून त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांचे डोळे मिटले. प्रार्थना संपताच गीताचा क्रमांक सांगितला. माझ्या पश्चात्तापावर त्यांनी विषय बंद करून टाकला! मी कागद हातात धरून उभा, आणि मंडळी गात होती.

त्यानंतर तो कागद मी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरना, दिला, पंचकमिटीतल्या प्रत्येकाला दिला. पाळकसाहेब तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, "भाऊ, क्षमा करून टाका."

"करतो," मी म्हणालो. "पण मागितली आहे कोणी? मी मागितली तेव्हा उभं राहून मागितली. न मागितलेली क्षमा मी कोणाच्या हातात देऊ?"

त्या रविवारपासून मी 'पोखरलंय' हा शब्द खरा असल्याशिवाय उच्चारलेला नाही. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या वर्षी धंदा निम्म्यावर आला. रास्ता पेठेत एक गृहस्थ तुळया विकत होते, मी ठोकून म्हणालो, "फार उत्तम लाकूड आहे." त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "घेणारा स्तुती करतोय म्हणजे नक्की काहीतरी लफडं आहे," असं म्हणून माल दुसऱ्याला दिला, माझ्या बोलीपेक्षा कमी भावात. मी जिन्यावरच त्यांच्याशी भांडलो. खरं बोलायला लागलो म्हणून स्वभाव बदलला असं कोणी समजू नये. घासाघीस मी आजही करतो, कडकडून करतो. फक्त लाकडाची बदनामी करत नाही. आता बाजारात माझं नाव असं झालं आहे की शमुवेलने पोखरलंय म्हटलं तर लोक दुसऱ्याला विचारत नाहीत. एवढं व्हायला दहा वर्षं लागली. बाबा असते तर सात वाजता विचारल्यावर सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी असतं.

काही वर्षांनी कुलदीपचा फोन आला. कंपनी नव्या इमारतीत चालली होती. "काका, तिकडे सगळं काचेचं अन् स्टीलचं. बाकं पाहता का?"

मी गेलो. ठोकलं, कान लावला. म्हणालो, "यापेक्षा चांगला साग मी आयुष्यात पाहिला नाही. भाव तसाच सांग."

तो हसायला लागला. "घेणारे तुम्ही, अन् स्तुती बी तुम्हीच करून राहिले?"

चार बाकं त्यांच्या साहेबांनी घरी नेली होती. बावीस मी आणली. ती वखारीत ताडपत्रीखाली आहेत. हॉटेलवाले येतात, ताडपत्री उचलतात, भाव विचारतात. मी सांगतो, विकायची नाहीत, ती देवळाची आहेत.

मग देवळात का नाहीत? कारण मंडळीला बाकं परत घ्यायची तर पंचकमिटीचा ठराव लागतो. जुन्या ठरावात लिहिलं आहे की बाकं वाळवीने निकामी झाल्यामुळे काढली. निकामी झालेली बाकं बिनवाळवीची परत कशी आली, हे नव्या ठरावात लिहावं लागेल. म्हणून विषय दर वर्षी पुढे ढकलला जातो. सेक्रेटरी अजून प्रभाकररावच आहेत. मुलांचाही आता विरोध नाही. अर्धी बाकं, अर्ध्या खुर्च्या असं त्यांनीच सुचवलं. आत्या मात्र थांबल्या नाहीत. मागच्या नाताळाआधी गेल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवरूनच.

प्रभाकरराव, हा अंक तुमच्याकडे येतो आणि तुम्ही तो पहिल्या पानापासून वाचता, हे मला माहीत आहे. तुम्ही ऐंशीला आलात, मी चौऱ्याहत्तरचा आहे. माझ्या सहीचा जाब मी दिला, तुमच्यासमोर, सगळ्या मंडळीसमोर. ती सही मी लपवली नाही, तुमच्यावर ढकलली नाही. आता माझा एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला घरी बोलावून, चहा देऊन नको. त्या मंगळवारी देवळाचं दार तुमच्या साडूंना कोणी उघडून दिलं? किल्ली तुमच्याकडे होती. येत्या रविवारी साक्षीची वेळ आहे. मी पुढच्या रांगेत बसलेला असेन, प्रार्थना सुरू केलीत तरी डोळे उघडे ठेवून. उभे राहा आणि उत्तर द्या.